फक्कीखालची केबल

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. रस्ता उकरला की खालून एक केबल निघते, दोन पाइप निघतात आणि एक किस्सा निघतो. केबल जोडता येते, पाइपला क्लॅम्प बसवता येतो. किस्सा तेवढा आपल्याकडे उरतो, आणि तो कधी चहाच्या टपरीवर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी कुणाच्या दहाव्यालाही सांगितला जातो. लोक हसतात, मीही हसतो. घरी जाताना मात्र डोकं तापतं.

मी नंदू. मूळ पारोळ्याचा, आता जळगावात असतो. जमिनीखालची विजेची केबल तुटली की जोडून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. धुळ्यापासून रावेर-यावलपर्यंत आमचा मुलूख. आता केबल काही आपली आपण तुटत नाही. गटारीसाठी, नळासाठी, इंटरनेटसाठी, रस्ता रुंद करण्यासाठी कुणी ना कुणी जेसीबी लावतं, आणि खाली काय आहे हे विचारायला कुणालाही फुरसत नसते.

माझ्याबरोबर सलीमभाई. ते आमचे जॉइंटर, म्हणजे तुटलेल्या केबलची दोन टोकं जोडणारा माणूस. पन्नाशी ओलांडलेली, दाढीला मेंदी, जिभेला मिरची. केबल जोडायची तर आधी तिचा वीजपुरवठा बंद करावा लागतो. त्याला शटडाऊन म्हणतात. सबस्टेशनमधला ऑपरेटर बटण दाबतो, "बंद केली" असं सांगतो, आणि तेवढ्या शब्दावर सलीमभाई दोन्ही हात खड्ड्यात घालतात. ते म्हणायचे, "नंदूभाऊ, अल्लावर भरवसा ठेवायला मी पाच वेळा नमाज पढतो. ह्या ऑपरेटरवर फुकटात ठेवावा लागतो!"

तेव्हा एवढं ध्यानात असू द्या. आमच्या सगळ्या किश्श्यांत कुणाचे तरी हात चालू लाइनीजवळ असतात, आणि बहुतेक वेळा ते सलीमभाईंचे असतात.

* * *

केबल कुठून गेली ते कळावं म्हणून रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी सिमेंटचा दगड पुरतात. त्याच्यावर बाण कोरलेला असतो. पारोळ्याच्या पुढं एका गावाच्या वेशीवर असाच एक दगड होता. एकदा बघतो तर दगड गायब! शोधलं, तर रस्त्यापलीकडं लिंबाखाली नवा ओटा बांधलेला, ओट्यावर आमचा दगड, आणि दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर. बाण शेंदरात गडप.

पुढं गटारीच्या कामाला युवराज नावाचा जेसीबीवाला आला. माणूस भाविक. मशीन सुरू करायच्या आधी चपला काढल्या, देवापुढं नारळ फोडला, आणि देवाला धक्का नको म्हणून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं खोदायला घेतलं. पहिल्याच बकेटात केबल!

आम्ही पोचलो तेव्हा गावातले एक नाना ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "देव व्हता म्हनीसन पोऱ्या वाचना! नही ते जळी जाता."

सलीमभाई म्हणाले, "नाना, देव मूळच्या जागी राहू दिला असता तर केबलबी वाचली असती."

नाना म्हणाले, "तठे ऊन लागे त्याले!"

आता त्या दगडाला हात लावायची आमची टाप नव्हती. मूळच्या जागी नवा दगड पुरला आणि आलो. पुढच्या फेरीला बघतो तर नवा दगडही ओट्यावर, जुन्याच्या शेजारी. त्याला हिरव्या बांगड्या आणि खण. नाना खुशीत होते. "एकलाच व्हता बिचारा. लगीन लाई दिधं आम्ही!"

मी हे वीज खात्याचे उपअभियंता सोनवणे साहेब यांच्या कानावर घातलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नंदू, तिसरा दगड लावू नकोस. बारशाला बोलावतील."

दगड लावू नकोस म्हणाले ते म्हणाले, पण मग केबल कुठं आहे हे लोकांना कळणार कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

* * *

रावेरची गोष्ट. केबल पुरली की तिच्यावर थोडी माती टाकून एक प्लास्टिकची पट्टी अंथरतात. पट्टीवर छापलेलं असतं: सावधान, खाली विजेची केबल आहे. हेतू असा की खोदणाऱ्याला आधी पट्टी दिसावी आणि त्यानं हात आवरावा.

तिथं नळासाठी खोदलेल्या एका चारीत केबल फुटली आणि पट्टीचा पत्ताच नाही. आम्ही पट्टी शोधत चारीच्या कडेनं गेलो, तर शेजारच्या केळीच्या बागेत ती सापडली. घडाच्या वजनानं झाड वाकू नये म्हणून बांधतात ना, तशी सगळी बाग त्या पट्टीनं बांधलेली. ज्या झाडाकडं बघावं तिथं 'सावधान, खाली विजेची केबल आहे'!

मी मालकाला विचारलं, "दादा, ही कुठनं आणली?"

"मले तं तुमच्याच मानसानं इकली," तो म्हणाला. "लय मजबूत आहे. अजून असली तं सांगा."

"अहो, ही जमिनीत असायला पाहिजे!"

"जमिनीत गाडून कोन वाचते भाऊ? अठी तरी बाया वाचता!"

बागेत दिल्लीला जाणारी केळी भरायला ट्रक उभा होता. हमाल घड उचलत होते आणि एक एक घड आमच्या सूचनेसकट ट्रकमध्ये चढत होता. सलीमभाईंनी एका घडावरची सूचना वाचली. म्हणाले, "चला. दिल्लीवाले तरी सावध राहतील."

पट्टी विकणारा माणूस कोण ते आम्हाला ठाऊक होतं. सोनवणे साहेबांनाही ठाऊक होतं. त्याला पुढचं कामही मिळालं.

* * *

एक किस्सा सलीमभाईंच्याच अंगलट आलेला. नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस कधी चुकतच नाही.

धुळ्याच्या रस्त्यावर केबल नेमकी कुठं आहे यावर वाद पडला. सोनवणे साहेब नकाशा घेऊन आले होते. नकाशात केबल रस्त्याच्या डाव्या कडेला. पण तो रस्ता दोनदा रुंद झालेला, त्यामुळं नकाशातली डावी कड आता दुभाजकाच्या आसपास कुठंतरी. मी हे दाखवलं तर साहेब म्हणाले, "नकाशा बरोबरच आहे. रस्ता चुकला आहे."

सलीमभाईंनी नकाशा बाजूला सारला, चप्पल काढली, आणि अनवाणी पायानं जमीन चाचपत पुढं-मागं फिरले. त्यांचा दावा होता की खाली केबल असली तर तळपायाला कळतं! एका जागी थांबून त्यांनी टाच आपटली. "इथं काही नाही. बिनधास्त मारा पहार. निघालं काही तर माझं नाव बदला!"

मजुरानं पहार मारली. केबल नव्हतीच. पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन होती. पाणी असं उसळलं की सलीमभाई, नकाशा आणि सोनवणे साहेब, तिघं एकदम भिजले. पुढं कितीतरी दिवस आम्ही सलीमभाईंना 'फवारेभाई' म्हणत होतो, आणि ते दर वेळी मान्य करायचे की पाय त्या दिवशी थोडा सुजलेला होता!

* * *

मशीन लावण्याआधी कुदळ-फावड्यानं हातखड्डा घ्यायचा असा नियम आहे. हातानं खोदलं की केबल दिसते, फुटत नाही. नियम पाळल्याचा पुरावा म्हणून फोटो काढून पाठवायचा.

इंटरनेटची लाइन टाकणाऱ्या एका ठेकेदाराचे फोटो यायचे ते इतके सुबक, की सोनवणे साहेब इतरांना सांगायचे, "बघा, काम असं असावं." फोटोत खड्डा, खड्ड्यात कुदळ घेतलेला मजूर, मागं एक पांढरं कुत्रं.

एके दिवशी सलीमभाईंनी ते फोटो एकापुढं एक सरकवून बघितले. यावल, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा. मजूर तोच, कुदळ तीच. "साहेब," सलीमभाईंनी विचारलं, "माणूस पगारावर फिरतो हे समजलं. हे कुत्रंबी कंपनीनं ठेवलंय का?"

खड्डा एकच होता, आणि तोही जेसीबीनंच घेतलेला!

त्या मजुराची पुढं एका साइटवर गाठ पडली. मी विचारलं, "तू ज्या खड्ड्यात उभा राहायचास, त्याच्या खाली काय होतं माहीत आहे का?" तो म्हणाला, "नही भाऊ. माले फक्त हुभा राय म्हने." किती सहज म्हणाला. मला त्याच्यावर रागवता येईना, आणि ज्याच्यावर रागवायचं तो साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला होता.

* * *

आता फोनचा किस्सा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

धुळ्याजवळ एकाच लाइनीवर दोन ठिकाणी काम चाललं होतं. एका खड्ड्यात सलीमभाई, दुसऱ्यात दुसऱ्या ठेकेदाराची माणसं. त्यांचं काम आधी आटोपलं. त्यांच्या सुपरवायझरनं ऑपरेटरला फोन केला, "आमचं झालं, चालू करा." ऑपरेटरनं चालू केली!

सलीमभाई त्या वेळी करवतीचं पातं आणायला जीपकडं गेले होते, म्हणून आज मी हे हसत सांगू शकतो. खड्ड्यात असा भडका उडाला की काठावर ठेवलेला त्यांचा जेवणाचा डबा काळा ठिक्कर पडला. सगळे शांत झाल्यावर सलीमभाईंनी तो डबा उघडला. आतली शेवभाजी शाबूत होती. "चला," ते म्हणाले, "गरम करून मिळाली!"

आम्ही पोट धरून हसलो. तेही हसत होते. पण त्यांचे हात इतके थरथरत होते की त्यांना भाकरीचा तुकडा मोडता येईना. शेवटी मी मोडून दिला.

यावर सोनवणे साहेबांनी नियम केला. यापुढं फोनवर शटडाऊन नाही. व्हॉट्सॲपवर 'खोदकाम समन्वय' नावाचा ग्रुप काढला. त्यात वीजवाले, पाणीवाले, रस्तेवाले, टेलिफोनवाले, सगळे. जॉइंटरनं स्वतःच्या नंबरवरून त्या ग्रुपवर लेखी शटडाऊन मागायचा, मगच ऑपरेटरनं बटण दाबायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून दाबलं तर ऑपरेटर घरी.

नियम वाईट नव्हता. सलीमभाईंनीही मान डोलावली होती.

ग्रुपमध्ये मात्र खोदणारा माणूस एकही नव्हता. जेसीबीवाल्यांना कुणी घेतलंच नाही. बाकी सगळी पलटण होती, आणि ती सकाळी उठल्या उठल्या गुलाबाची फुलं पाठवायची.

सोनवणे साहेबांच्या वाढदिवसाला तर कळसच झाला. सलीमभाई खड्ड्याच्या काठावर बसून मेसेज टाकतात: "सात नंबर फीडर, शटडाऊन द्यावा. खड्ड्यात उतरायचे आहे." वर केक, खाली फटाके, मध्ये आमची सात नंबरची लाइन. थोड्या वेळानं त्याच्याखाली साहेबांचं उत्तर आलं:

"मनःपूर्वक आभार! आपल्यासारख्या स्नेहीजनांच्या शुभेच्छा हेच माझे बळ!"

सलीमभाई दुपारपर्यंत त्या उन्हात काठावर बसून राहिले. मला म्हणाले, "नंदूभाऊ, साहेबांना बळ आलं. आता आपण उतरायचं का?"

* * *

आता गेल्या उन्हाळ्यातलं सांगतो. हा किस्सा मी फारसा सांगत नाही.

जळगावात कारखान्यांकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर पाण्याची नवीन लाइन टाकायची होती. त्या रस्त्याखाली आमच्या दोन केबली शेजारी शेजारी. सोनवणे साहेबांनी ग्रुपवर आदेश टाकला: "यापुढे खोदकामाआधी जॉइंटरने केबलच्या मार्गावर फक्की मारावी. स्पष्ट दिसेल अशी मारावी."

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. आपल्याकडं घराचा पाया आखतात फक्कीनं, गटार आखतात फक्कीनं, नळाची चारी आखतात फक्कीनं. खानदेशातल्या कुठल्याही गवंड्याला, मजुराला, जेसीबीवाल्याला विचारा. फक्कीची रेघ म्हणजे काय? इथं खोदा!

सलीमभाई मला सकाळी फोनवर म्हणाले, "ही रेघ दिसली तर मी स्वतःच तिथं पहार मारीन. साहेबांना सांगितलं, तर म्हणतात आदेश वाचा." म्हणून त्यांनी ठरवलं की रेघ मारायची आणि जेसीबी येईपर्यंत तिथंच थांबून सांगायचं, बाबा, ही सोडून खोद.

पण जेसीबी आला रस्त्याच्या दुसऱ्या टोकानं. त्यावर युवराज होता, तोच चपला काढून नारळ फोडणारा. रेघ कशी सरळ, ठळक, सलीमभाईंच्या हातची! त्यानं पाहिलं, आखणी तयार आहे, आणि बकेट लावलं. सलीमभाई लांबून दोन्ही हात हलवत पळत सुटले. युवराजला वाटलं, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणताहेत.

सलीमभाई काठाशी पोचले आणि केबल फुटली.

त्यांनी तोंडापुढं हात धरले म्हणून चेहरा थोडक्यात वाचला. हात नाही वाचले. युवराजनं पाणीवाल्यांच्या जीपमधून त्यांना सरकारी दवाखान्यात आणलं, मला फोन केला, "भाऊ, माझी चूक नाही, तिथं रेघ होती," आणि मग जो फोन बंद केला तो केला.

मी पोचलो तेव्हा सलीमभाईंच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, डोळे सुजून मिटलेले. मला तर रडूच आलं. माझा आवाज ओळखून त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही: "नंदूभाऊ, एक केबल फुटली, ती बंद पडली. दुसरीचं नुसतं कातडं सोललंय. ती चालू आहे. पाण्याचा जुना पाइपबी फुटलाय, खड्डा भरतोय. कुणी आत उतरलं तर मरंल. आधी शटडाऊन घ्या."

मी सोनवणे साहेबांना फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. सबस्टेशनला लावला. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, फोनवर नको. जॉइंटरच्या नंबरवरून ग्रुपवर टाका. माझी नोकरी जाईल."

पाणीपुरवठ्याच्या वाघभाऊंना लावला. ते खड्ड्यावरच होते. म्हणाले, "पंप लावला आहे. पाइप बांधायला माणसं उतरवतो. लाइन ट्रिप होऊन बंद पडली आहे असं खुद्द साहेबांनी सांगितलं."

"वाघभाऊ, दुसरी केबल चालू आहे! माणसं उतरवू नका!"

"अर्ध्या शहराचं पाणी बंद आहे. मला वरून फोनावर फोन येताहेत. बरं, तुमच्या शब्दाखातर, माणसं चहा घेताहेत तेवढा वेळ थांबतो. तेवढ्यात साहेबांकडून काय ते लेखी आणा."

सलीमभाईंच्या शर्टाच्या खिशातून मी त्यांचा फोन काढला. ग्रुप उघडला.

भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. बोट सरकवतोय, सरकवतोय, संपतच नाही. कुणी ईदच्या शुभेच्छांमधला त्यांचा फोटो कापून त्याला हार घातला होता. ज्या माणसानं रावेरची पट्टी विकली, त्यानं लिहिलं होतं, "सुरक्षेसाठी झटणारा सच्चा सहकारी हरपला." आणि सगळ्यांच्या वर सोनवणे साहेबांचा मोठा मेसेज: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले जॉइंटर सलीमभाई यांचे, त्यांनी स्वतः केलेल्या चुकीच्या आखणीमुळे, दुर्दैवी निधन झाले."

दवाखान्यात येऊन बघायची तसदी एकानंही घेतली नव्हती, आणि माणूस माझ्यासमोर श्वास घेत होता. त्याला मारलं ते मारलं, वर दोषही त्याच्याच माथी मारून मोकळे झाले होते! माझं रक्त असं उकळलं की अक्षरं दिसेनात.

"काय लिहिलंय?" सलीमभाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि त्यांच्या फोनवरून टाइप केलं: "मी सलीम. मी जिवंत आहे. चारीतील दुसरी केबल चालू आहे. त्वरित शटडाऊन द्यावा. माणसे उतरवू नयेत."

मेसेज गेला. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग सोनवणे साहेबांचं उत्तर:

"मयताच्या मोबाईलवरून असले मेसेज टाकणाऱ्या विकृताचा तीव्र निषेध. निदान कुटुंबाच्या भावनांचा तरी विचार करावा."

आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत: 'सोनवणे साहेबांनी तुम्हाला ग्रुपमधून काढलं.'

"मिळाला का शटडाऊन?" सलीमभाईंनी विचारलं.

"नाही. तुम्हाला ग्रुपमधून काढलं."

"का?"

मला सांगणं भागच होतं. "तुम्ही वारलात म्हणताहेत."

त्यांनी पाय खाटेखाली सोडले. "रिक्षा बोलवा. सबस्टेशन हे काय मागं आहे. जाऊन दाखवू."

नर्स ओरडत मागं आली. डॉक्टर ओरडले. सलाइनची बाटली मी हातात उंच धरलेली, दुसऱ्या हातानं सलीमभाईंना सावरलेलं. रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा नाही कुठं, नुसती सोडली.

ऑपरेटर टेबलाशी बसून मोबाईल बघत होता. दारात आम्हाला बघून तो असा उठला की खुर्ची मागं पडली. एकदा मोबाईलकडं बघतो, एकदा सलीमभाईंकडं.

"दुसरी केबल," सलीमभाई म्हणाले. "बंद कर बाळा."

त्यानं केली. मी खड्ड्यावर वाघभाऊंना फोन लावला. त्यांच्या माणसांचा चहा संपला होता. एकानं पँट दुमडून एक पाय खड्ड्यात सोडला होता, तो त्यांनी ओरडून वर घ्यायला लावला होता. "बंद केली का?" त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मी सांगितलं, "केली, माझ्या डोळ्यांसमोर केली." मग मी तिथल्याच फरशीवर बसलो.

ऑपरेटरनं खुर्ची उचलून ठेवली, टेबलावरची वही ओढली आणि पेन काढलं. लिहिता लिहिता अडला आणि वर बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, रागवू नका. शटडाऊन कुणाच्या सांगण्यावरून दिला ते लिहावं लागतं. ग्रुपवर तर तुम्ही... उद्या साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?"

सलीमभाईंनी सुजलेले डोळे त्याच्या आवाजाच्या दिशेला वळवले.

"लिही," ते म्हणाले, "मयतानं सांगितलं!"